चौदा बरण्या, एक पातेलं

९ जानेवारी

छोट्या,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या भुवया टकलापर्यंत गेल्या असतील. जाऊ देत. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला लिहिली नाहीस, म्हणजे आपण दोघं बरोबरीत.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढायला अजून नाही म्हणत नाहीत. शाळेचे गणवेश शिवणं मी बंद केलं. आता फक्त शेजारपाजारच्या चेना, काजं आणि कुणाचं पोट सुटलं तर उसवून मोठं करणं. हे शेवटचं काम बारमाही आहे. गच्चीवरचे डबे तसेच आहेत. तू असताना तीस होते, आता चाळीस झालेत. त्यांतला घेवडाही तसाच आहे. न्हाणीघराची कडी तू बसवलीस ती अजून घट्ट आहे, इतकी की मी एकदा आत अडकले होते.

तुझा पत्ता भाचीने, तुझ्याच लेकीने, दिला. म्हणाली, बेकरीच्या वरच्या खोलीत असतात, अजून पहाटे चारला उठतात आणि कोणासाठी स्वयंपाक करायचा ते सुचत नाही म्हणून अख्ख्या इमारतीसाठी करतात. चाळीस वर्षं वसतिगृहाच्या खानावळीत काढल्यावर दोन माणसांपुरतं शिजवायला हात कसा वळणार?

फोन नंबरही दिला होता तिने. पण फोनवर मला फक्त भांडता येतं, हे तुला ठाऊक आहे. कागदावर निदान खोडता येतं. इथे वर तीन ओळी खोडल्या आहेत. उजेडासमोर धरून वाचू नकोस, मी शाई दोनदा फिरवली आहे.

तसं काही काम नाही. सहज लिहिलं.

अक्का

ता. क. सहज आठवलं म्हणून विचारते. त्या दिवशी चौदांपैकी कोणत्या बरणीतले दाणे तू शिजत घातले होतेस?


२२ जानेवारी

छोट्या,

तुझं कार्ड मिळालं. एवढं हातभर कार्ड आणि त्यावर दोन शब्द. "कोण गेलं?"

कोणी गेलं नाही रे बाबा. ज्यांना जायचं होतं ते आधीच गेले, उरलो ते आपण दोघं चिवट. पण तुझं बरोबर आहे. आठ वर्षांनी पत्र आलं की माणसाला आधी तेच वाटणार. ताकाला जाऊन भांडं लपवलं, म्हणून असं झालं. आता भांडं पुढे करते.

डिसेंबरात शेतकी कचेरीत बियाण्यांचं प्रदर्शन होतं. मी माझा सहा नंबरचा घेवडा नेला होता. तुला आठवत असेल तर आठवू दे, नसेल तर सांगते. आपल्या इकडचा बुटका, बारीक दाण्याचा, उन्हातान्हात तग धरणारा घेवडा आणि जहाजाने येणारा मोठ्या दाण्याचा, यांचा मी सुईच्या टोकाने संकर केला. कळी उमलायच्या आदल्या दिवशी उघडायची, आतले केसर खुडायचे, दुसऱ्याचा पराग टेकवायचा आणि लाल दोरा बांधून ठेवायचा. त्या एका लग्नातून झालेल्या पोरांतून वर्षानुवर्षं निवडत निवडत चौदा घराणी वेगळी ठेवली. चौदा घराणी, चौदा बरण्या. त्यांतला सहा नंबर सगळ्यांत देखणा. तकतकीत, एकसारखा, जणू एका साच्यातली बटणं. मी शिंपीण, मला बटणांची पारख.

तर तिथे डबाबंद अन्नाच्या कारखान्यातली एक मुलगी आली. प्रयोगशाळेत असते. चष्मा डोळ्यांवर कमी, कपाळावर जास्त. म्हणाली, "आजी, आमच्या डब्यांत पडतो तो सगळा घेवडा जहाजाने येतो. इथेच पिकणारा, डब्यात न फुटणारा आणि पटकन शिजणारा दाणा आम्ही शोधतोय. रात्रभर भिजत घालायला आता कोणाला आठवण राहते? आणि आम्हाला तासन्‌तास वाफ जाळायला परवडत नाही." मी फुशारकीने पिशवी काढून दिली.

आठवड्याने ती घरी आली, पिशवी हातात. "आजी, दिसायला मोती आहेत, पण शिजायला गोट्या. तीन तास ठेवले. आमचं भांडं दमलं, तुमचा घेवडा नाही दमला."

मी हसले, तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर ओट्याला टेकून उभी राहिले. छोट्या, मी आठ वर्षं सहा नंबर वाढवला आणि एकदाही शिजवला नाही. माझ्या हाताला दाणा लागला की तो बी असतो, जेवण नसतं. ज्याला घास म्हणून जन्माला घालायचं त्याची मी चवच घेतली नव्हती. तेव्हा कानात तुझा आवाज आला. त्या दिवशीचा. "अक्का, बघ गं, न भिजवता पाऊण तासात लोणी!"

तू हे म्हणाला होतास. मी ऐकलं होतं आणि ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरात कारखान्याची निवड आहे. तेव्हा अडीच किलो दाणे देता आले नाहीत, तर पुढची पाच वर्षं जहाजाच्या घेवड्याचा करार होणार. पाच वर्षांनी मी एकोणऐंशीची. तेव्हा सुईत दोरा कोण ओवणार?

बरण्यांमधलं बी संपलं, पण प्रत्येक घराण्याचे वीस-बावीस दाणे मी पाकिटांत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. पाकिटांवर नंबर आहेत. ऑक्टोबरपर्यंत दोन पिकं निघतात. पहिलं माझ्या चाळीस डब्यांत, दुसरं कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या मळ्यात, तिने चार वाफे कबूल केलेत. चाळीस डब्यांत चौदाही घराणी मावतील, पण वाट्याला दोन-तीन रोपं. तेवढ्या बियांतून पुढे अडीच किलो होत नाहीत. एकच पाकीट निवडून सगळं पेरायला हवं, आणि तेही फेब्रुवारी सरायच्या आत.

कोणतं, ते तुलाच माहीत आहे. उलट टपाली कळव.

अक्का


३ फेब्रुवारी

छोट्या,

तू म्हणतोस, "मला पक्कं आठवतंय. सांगेन. पण आधी तू एक सांग. माझा घेवडा कसा झाला होता?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुला बघून म्हणत असावेत. कसा झाला होता ते मला काय विचारतोस? मी चाखलाच नाही. तू पिशवी उचलून गेलास आणि मी पातेलं नेऊन शेजारणीच्या कोंबड्यांपुढे पालथं केलं. कोंबड्यांना विचार. त्या आता नाहीत, त्यांच्या पणत्यांना विचार.

आणि तू जे लिहिलंस की "मी फक्त दोन वाट्या दाणे घेतले होते, त्यावर एवढं रामायण", तर तुझ्या सोयीची आठवण तू ठेवलीस, आता माझी ऐक. दाणे घेतलेस त्याचं मला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण पोटात घातलं असतं. तू माझ्या वाढदिवसाचं म्हणून अख्खं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलंस. चौदाही बरण्या गरम पाण्याने धुतल्यास आणि बरण्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्यास! वर म्हणालास, "अक्का, चिकट झाल्या होत्या, आता बघ कशा सगळ्या एकसारख्या दिसतात." चौदा मुलांची नावं पुसून कोणी आईला सांगावं की आता बघ कशी एकसारखी दिसतात!

दुसऱ्या कोणाच्या हातून हे झालं नसतं. ज्याला भांडं स्वच्छ दिसल्याशिवाय झोप येत नाही, अशा खानावळीच्या मुख्य आचाऱ्याच्याच हातून होऊ शकतं.

असो. तुझ्यावाचून माझं काही अडलेलं नाही. काल चौदा पाकिटं जेवणाच्या टेबलावर ओतली, प्रत्येकाखाली पांढरी चिंधी. भिंग घेऊन बसले. पाऊण तासात लोणी होणारा दाणा तीन नंबरच असणार. गुलाबी, नाजूक, साल बघूनच कळतं. उद्या त्यातले पाच शिजवून खात्री करते आणि बाकीचे पेरते.

तेव्हा राहू दे तुझी आठवण तुझ्यापाशी.

अक्का


५ फेब्रुवारी

छोट्या,

तीन नंबर अडीच तासांनी चमच्याने दाबला, तर उडून खिडकीबाहेर गेला.

आता पाच-पाच दाणे असे शिजवत बसले तर प्रत्येक पाकिटातलं बी घटणार, आणि जे खरं आहे त्याचंही घटणार. बारा नंबर घेतला हातात, ठेवला. चार घेतला, ठेवला. माझी बटणांची पारख इथे चालत नाही.

तेव्हा हे घे, तुला हवं होतं ते.

मी पातेलं कोंबड्यांना घातलं नाही.

तू जिना उतरून गेलास. मी खिडकीतून बघितलंही नाही, इतकी तापले होते. त्या तापातच मी चौदाही बरण्या एका पोत्यात ओतल्या. हे तुला ठाऊक नाही. बरण्या जागच्या जागी राहिल्या असत्या, तर दाणे कमी झालेली कोणती ते दिसलं असतं, बाकीचे दाणे पाकिटांशी ताडून नंबर परत लावता आले असते. दोन दिवसांचं काम होतं. तू चिठ्ठ्या काढल्यास, पण घराणी मिसळली ती मी. पुढे पोत्यातून मी देखणा सहा नंबर तेवढा वेचून घेतला, आणि आठ वर्षं सगळा दोष तुझ्या नावावर खपवला.

पोतं भरून झालं, दम लागला, भूक लागली. ओट्यावर पातेलं होतं. झाकण काढलं. तू फक्त कांदा परतून घातला होतास, मीठ, तेल, बाकी काही नाही. दाणा अख्खा होता, बोटाने दाबला तर आतून मऊसूत. मी ताटवाटीही घेतली नाही. उभ्याने, पळीने, आधी एक घास, मग दुसरा. छोट्या, मी सगळं संपवलं. रडत रडत खाल्लं आणि खात खात रडले. पातेलं पावाने पुसून घेतलं. चव अशी की भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण यावी आणि साय खाल्ल्यासारखं वाटावं. आजवर माझ्या वाढदिवसाला मला कोणी एवढं चांगलं जेवू घातलं नाही. आणि ज्याने घातलं तो बसथांब्यावर उपाशी बसला असणार, हे मला प्रत्येक घासाला माहीत होतं.

दुसरंही लिहून टाकते, नाहीतर हात पुन्हा आखडेल. मी त्या दिवशी तुला म्हणाले, "माझ्या घरातल्या वस्तूंना हात लावायचा नाही." पाच महिने तू इथे राहत होतास. वहिनी गेल्यावर तुला स्वतःचं म्हणावं असं घर उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द मी शोधून काढला. "माझ्या." उचलली जीभ नव्हती ती, नेम धरला होता. त्याचं मला वाईट वाटतं. तेव्हाही वाटलं होतं, जिन्यावर तुझी पावलं वाजत होती तेव्हाच.

तर घेवडा उत्तम झाला होता. आता तू सांग किंवा नको सांगूस. हे मी नंबर काढून घ्यायला लिहिलेलं नाही.

थोडं त्यासाठीही लिहिलंय.

अक्का


१८ फेब्रुवारी

छोट्या, गाढवा!

तुझं चार पानी पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग गच्चीवर जाऊन डब्यांना वाचून दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई विचारायला वर आल्या, की कोण आलंय?

तू बसथांब्यावर उपाशी नव्हतास तर! डब्यात भरून नेला होतास घेवडा! आणि मी आठ वर्षं तुझ्या उपाशी पोटाचा विचार करून कुढतेय. चोर लेकाचा.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, "अक्का, मी सगळ्यांत कुरूप दिसणारी बरणी उचलली. बाकीच्या तेराही चकाकत होत्या. ही एकच निस्तेज, मातकट, धूळ बसल्यासारखी. म्हटलं, चांगले दाणे तुझ्या कामाचे असतील, याला तू विचारणारही नाहीस. तुझं नुकसान नको म्हणून." म्हणजे मी ज्याला चोरी म्हटलं, तिथेही तू माझाच विचार करत होतास. हे वाचून मी चष्मा पुसला. चष्म्यावर काही नव्हतं.

आणि पुढे ते खानावळीतलं शहाणपण! "ज्या दाण्याला चकाकी जास्त, तो पाणी आत घेत नाही. मेणकापडासारखा. फिकट, निस्तेज साल पाणी पिते. चाळीस वर्षं पोती निवडली मी, मला विचारायचं होतंस." कशी विचारणार? मला वाटायचं, बी म्हणजे माझं क्षेत्र आणि ओटा म्हणजे तुझं. मध्ये दार आहे हेच लक्षात आलं नाही.

पेटी उघडली. निस्तेज, मातकट, धुळकट. नऊ नंबर! पाकिटावर माझ्याच अक्षरात शेरा आहे, "रंग मळका. पुढे नेऊ नये." त्या शेऱ्याखाली आज मी लिहिलंय, "शेरा मारणारी मूर्ख होती."

बावीस दाणे निघाले. आठ वर्षांचं म्हातारं बी. लगेच डब्यांत घालायचा धीर होईना, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात उबेला ठेवलं. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, काही नाही. मात्र एक गोष्ट दिसली. पहिल्या संध्याकाळपर्यंत बावीसही दाणे टम्म फुगले होते. सहा नंबरला दोन दिवस लागतात. पाणी पितो रे, पाणी पितो! तिसऱ्या दिवशी पाच दाणे बुळबुळीत होऊन कुजले, ते वेचून बाजूला काढले. चौथ्या दिवशी सकाळी फडकं उघडलं, तर एकाला पांढरं शेपूट. दुपारी आणखी दोघांना.

आज सातवा दिवस. सात उगवले. बाकीचे गेले. बावीसांत सात म्हणजे फार नाही, पण मी सातही जणांना हाताने नेऊन सात मोठ्या डब्यांत बसवलंय, वर जुन्या मच्छरदाणीचं छप्पर शिवलंय. एकेका डब्यावर चिठ्ठी. चिठ्ठी आता आत आणि बाहेर, दोन्हीकडे. कोणी धुवायला आलंच, तर आतली राहील.

तुझी अक्का


२९ मे

छोट्या,

सोबतच्या थैलीला हात लावण्याआधी हात धू. बरोबर चाळीस दाणे आहेत. मोजून पाठवलेत, वाटेत टपालवाल्याने खाल्ले तर कळेल.

सातांपैकी एकालाही मी मरू दिलं नाही. एकावर मावा पडला तर साबणाच्या पाण्याने पानं पुसली, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. रोप बुटकं, ताठ, शेंगा जमिनीपासून वर आणि सगळ्या एकाच आठवड्यात वाळल्या. शेतकऱ्याला आणखी काय हवं? भाजीवाली बघायला आली होती. शेंग कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाली, "मावशी, दिसायला अगदीच हे आहे हो." मी म्हटलं, "दिसण्यावर गेले म्हणून आठ वर्षं बसले. तू जाऊ नकोस."

एकूण दोनशे अकरा दाणे. मळ्यात पेरायला एकशे सत्तर ठेवले, एक चुकून ओट्याखाली गेला, तो मी अजून शोधतेय. राहिले ते चाळीस तुझ्याकडे.

माझ्याकडे शिजवून बघता आलं असतं, पण माझा या बाबतीत भरवसा नाही. तीन नंबर उडवला तो माझाच हात. तूच शिजव. भिजवू नकोस. घड्याळ लाव. शितावरून भाताची परीक्षा करणारे बोटावर मोजण्याइतके असतात, आणि त्यांतला एक माझ्या घरातून रुसून गेला होता.

तुझ्या खोलीतला गॅस मंद आहे म्हणालास, तर बेकरीवाल्याकडे जाऊन शिजव, पण पातेल्यापाशी तूच बस. उत्तर येईपर्यंत मी वाफ्यांत पेरणार नाही. दहा दिवस थांबता येतं, अकरावा नाही.

अक्का


६ जून

छोट्या,

तार आली. आजकाल तारा बंद झाल्या असं मला वाटत होतं, पण भाचीने तिच्या फोनवर तुझा निरोप आणला आणि वाचून दाखवला तो तारेसारखाच होता. "अडतीस मिनिटं. एकही फुटला नाही. पेर!"

मी तिला दोनदा वाचायला लावलं. ती म्हणाली, "आत्या, अडतीसच लिहिलंय, वाचून वाढणार नाहीत." मी म्हटलं, "वाढू नयेत म्हणूनच वाचायचं गं."

मग आम्ही दोघी भाजीवालीच्या मळ्यात गेलो आणि पेरलं. एक-एक दाणा, वीतभर अंतर, दोन बोटं खोल. भाचीने शेवटची ओळ घातली, तिची नखं काळी झाली, आणि तिने विचारलं, "बाबांना राग आहे का अजून तुझा?" मी म्हटलं, "तूच विचार." ती म्हणाली, "विचारलं. म्हणाले, अक्काचा राग धरायला वेळ कुठाय, मला चाळीस दाण्यांत कांदा किती घालायचा ते बघायचंय." चाळीस दाण्यांत कांदा! एका माणसाचा एक घास होत नाही आणि हा कांदा चिरतोय.

अक्का


२१ ऑक्टोबर

छोट्या,

झालं!

तीन किलो शंभर ग्रॅम निघाला. अडीच कारखान्याला दिला. परवा ती चष्मा कपाळावरची मुलगी आली, जिना दोन-दोन पायऱ्या चढत आली. तिच्या कागदावर काय काय होतं, पण मला समजलं ते असं. भांड्यात सदतीस मिनिटं (तुझं घड्याळ एक मिनिट पुढे आहे). डब्यात बंद करून उकळल्यावर शंभरात चार दाणे फुटले, त्यांना दहापर्यंत चालतात. पीठ काढून त्याच्या नळ्या, चकत्या आणि मुलांसाठी काहीतरी कुरकुरीत करून बघितलं. नळ्या पाण्यात विरघळल्या नाहीत. एक पुडी मला दिली. मी एकटीने संपवली, ती निघायच्या आतच. पुढच्या हंगामात इथले सहा शेतकरी नऊ नंबर लावणार आहेत. जहाजाचा करार झाला नाही.

सगळंच गोड नाही. पीक सहा नंबरपेक्षा पाचवा हिस्सा कमी येतं. त्यासाठी नऊ आणि सहाचं लग्न लावावं लागेल, म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा लाल दोरा. आणि यावेळी प्रत्येक पिढी शिजवून बघायची. माझ्या एकटीच्याने ते व्हायचं नाही, हे तू ओळखलं असशीलच.

आता महत्त्वाचं. नव्या जातीची नोंद करायला काल शेतकी कचेरीत गेले. अर्जात दोन रकाने आहेत. संकर कोणी केला आणि निवड कोणी केली. पहिल्यात माझं नाव घातलं. दुसऱ्यात तुझं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, हे आचारी ना? निवड म्हणजे शास्त्रीय निवड लागते."

मी म्हटलं, "चौदांतल्या तेरा सोडून त्याने एक उचललं, शिजवलं, वेळ मोजली आणि निकाल मोठ्याने सांगितला. याला निवड नाही तर काय वरात म्हणायचं? मी फक्त कानात बोळे घालून बसले होते. तो रकाना काही माझा नाही."

"बरं, पण निवडीचा निकष काय लिहू?"

"कुरूप दिसलं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि लिहिलं, "दाण्याच्या बाह्य आवरणावरून." मग स्वतःच हसायला लागले, शिपायाला बोलावून त्याला सांगितलं, तोही हसला. सगळी कचेरी हसत होती रे तुझ्या निकषाला.

त्या रकान्याखाली तुझी सही लागते. महिनाअखेरपर्यंत. तेव्हा सोमवारच्या बसने ये. येताना थोडे कपडे जास्त आण, थंडी पडायला लागली आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे. "तुझी" म्हणजे तुझीच, हा शब्दही मी शोधून काढलाय.

खरं तर अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलंय की सही टपालाने पाठवली तरी चालते. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगितलं. पण ती ओळ मी वाचलेली नाही, आणि तूही वाचू नकोस.

सोमवारी, दुपारच्या बसला मी थांब्यावर असेन.

अक्का